संपबंदीचा कायदा आणि लोकांचा कौल

कामगारांनीं संप पुकारण्यापूर्वीं आपसांत मतदान घ्यावें आणि बहुसंख्य सभासदांचा कौल मिळाल्यावांचून संपाची नोटीस देऊं नये, असा दंडक महाराष्ट्राच्या विधिमंडळानें १९७१ च्या कामगार संघटना मान्यता कायद्यानें मान्यताप्राप्त युनियनांस घालून दिला. दंडक योग्यच होता. संपानें ज्याच्या घरची चूल थंडावणार त्याला आधीं एकदां तरी विचारलें पाहिजे. चार पुढाऱ्यांनीं सभेंत टाळ्या घेऊन त्याच्या वतीनें निर्णय करूं नये, हें तत्त्व कोणाहि विचारी मनुष्यास पटेल. परंतु तेंच विधिमंडळ जेव्हां संपावरच बंदी घालणारा कायदा करावयास बसतें, तेव्हां या तत्त्वाची आठवण तें कितपत ठेवतें? १४ मार्च २०२३ रोजीं जुन्या पेन्शनच्या मागणीसाठीं राज्यांतील लाखों सरकारी कर्मचारी व शिक्षक संपावर गेले. त्याच दिवशीं अत्यावश्यक सेवा परिरक्षणाचें विधेयक, लोक ज्याला ‘मेस्मा’ म्हणून ओळखतात तें, विधिमंडळांत आलें आणि चर्चेवांचून संमत झालें. संपकऱ्यास वॉरंटावांचून पकडण्याचा अधिकार पोलिसांच्या हातीं देणारा हा कायदा! गल्लींतील गटारावर नगरपरिषदेंत तासन् तास वाद होतात. येथें एक शब्दहि झाला नाहीं. संप करावयाचा तर मत घ्या. संप बंद करावयाचा तर मताचीहि गरज नाहीं आणि वादाचीहि नाहीं, असा हा न्याय आहे.

आमच्या जिल्ह्यांतील पुष्कळ वाचकांस संपाचें नांव काढतांच एस. टी. चा संप आठवेल, आणि ते आम्हांस विचारतील कीं, तुम्ही संपकऱ्यांची तळी उचलतां, पण आमच्या हालांचें काय? प्रश्न रास्त आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला तो संप एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. करोनाच्या टाळेबंदीनंतर शाळा कोठें नुकत्याच उघडल्या होत्या. वाशीम, रिसोड, मंगरुळपीर व कारंजा या चारहि आगारांत गाड्या उभ्या राहिल्या, आणि मालेगांव-मानोऱ्याकडील खेड्यांतून ज्या मुली केवळ एस. टी. च्या पासावर शाळा-कॉलेजास जात, त्यांच्यापुढें घरीं बसणें किंवा काळी-पिवळीच्या टपाला लोंबकळणाऱ्या गर्दींत जीव मुठींत धरून जाणें, एवढेच दोन मार्ग उरले. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयांत नेण्याच्या रोग्याला खासगी गाडीचें भाडें परवडलें नाहीं, तर त्याचें दुखणें घरींच वाढलें. हें सर्व आम्ही पाहिलें आहे आणि तें क्षुल्लक म्हणून झटकून टाकण्याचा निर्दयपणा आम्ही करणार नाहीं.

परंतु याच संपाची हकीकत नीट पाहिली तर संपबंदीच्या कैवाऱ्यांना ती फारशी सोयीची नाहीं. मनाई नव्हती असें नाहीं. न्यायालयांनीं मनाई केली होती. मेस्मा लावूं असा धाक घालून झाला होता. हजारों लोकांस निलंबित केलें, हजारोंना बडतर्फ केलें. एवढें करूनहि बस हलली का? ती हलली तेव्हां एकीकडे पगार कांहीं प्रमाणांत वाढला होता, आणि दुसरीकडे ७ एप्रिल २०२२ रोजीं उच्च न्यायालयानें २२ एप्रिलपर्यंत कामावर या, तुमच्या नोकऱ्या जाणार नाहींत, असा आसरा दिला होता. म्हणजे गाडी पुन्हां रस्त्यावर आणली ती तडजोडीनें व अभयवचनानें. मधले पांच-साडेपांच महिने मात्र प्रवाशांचे आणि चालक-वाहकांचे सारखेच वायां गेले, कारण दोन्ही पक्षांस बांधणारा निवाडा मुदतींत देणारा कोणीहि मध्यस्थ नव्हता. त्या दिवसांत कित्येक कर्मचाऱ्यांनीं आत्महत्या केल्या. ज्यांना पास काढून शाळेस जाणाऱ्या मुलींची कणव येते, त्यांना या घरांचीहि आली पाहिजे.

संपबंदीच्या कायद्याची वंशावळ आमच्या देशांत नवी नाहीं. १९२९ च्या ट्रेड डिस्प्यूट्स अॅक्टानें लोकोपयोगी सेवांतील नोकरांस चौदा दिवसांच्या नोटिशीवांचून संप करण्याची मनाई केली आणि सहानुभूतीच्या संपावर बंधन घातलें. तो ज्या दिवशीं मध्यवर्ती असेंब्लींत संमत झाला, त्याच ८ एप्रिलला भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनीं तेथें बॉम्ब टाकला. स्वातंत्र्याच्या वर्षींच आमच्या मध्यप्रांत-वऱ्हाडांत औद्योगिक कलहांच्या निवारणाचा वेगळा कायदा झाला आणि अखिल भारतीय इंडस्ट्रियल डिस्प्यूट्स अॅक्टहि १९४७ चाच. तेथेंहि सक्तीची पूर्वसूचना होती ती मुख्यतः पाणी, वीज, रेल्वे, टपाल यांसारख्या लोकोपयोगी सेवांपुरती. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनें ही मर्यादा पुसून टाकली. आतां औद्योगिक आस्थापना म्हणविणाऱ्या प्रत्येक ठिकाणीं चौदा दिवसांची नोटीस हवी. नोटीस दिली कीं समेटाचें काम सुरू व्हावयाचें, आणि तें चालू असेतोंवर संप बेकायदा. निम्म्या किंवा अधिक कामगारांनीं ठरवून एका दिवसाची रजा घेतली तरी तोहि संपच. बेकायदा संपाला दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद. अशी ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आली आहे.

ती संमत कशी झाली हेंहि लक्षांत ठेवण्यासारखें आहे. सप्टेंबर २०२० मध्यें, साथीच्या ऐन भरांत, विरोधी पक्षांनीं बहिष्कार घातलेल्या सभागृहांतून लागोपाठ दोन दिवसांत, आवाजी मतानें. संसदेच्या कामगारविषयक स्थायी समितीनें तिचा आधींचा मसुदा तपासला होता, आणि सक्तीची नोटीस ही पाणी, वीज यांसारख्या सेवांपुरतीच ठेवावी असा सल्लाहि दिला होता. तो बाजूस ठेवण्यांत आला. एका हातानें समिती नेमावयाची आणि दुसऱ्या हातानें तिचा कागद फडताळांत टाकावयाचा, ही पद्धत साहेबाच्या अमदानींतहि आम्हांस परिचित होती.

या प्रश्नावर लोकांस प्रत्यक्ष विचारलें असतें तर? कोणी हंसेल, परंतु असें विचारलें गेलेलें आहे, आणि तें अशा दिवशीं कीं, ज्याच्या आदल्याच दिवशीं आमच्या मुंबईंत याच प्रश्नावर रक्त सांडलें होतें.

१९३८ सालीं मुंबई इलाख्याच्या काँग्रेस सरकारनें औद्योगिक कलहाचें विधेयक आणलें. समेटाची लांबलचक वाट संपेपर्यंत संप करणें हा त्यानें गुन्हा ठरत होता. खेर मंत्रिमंडळाचा हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. तंटे समेटानें मिटावे ही त्याची इच्छा खरी असेल. परंतु १७५ सभासदांच्या त्या असेंब्लींत कामगारांच्या राखीव जागा होत्या अवघ्या ७, आणि गिरणींतील बहुसंख्य हातांना मताचा हक्कच नव्हता. डॉ. आंबेडकरांनीं सभागृहांत या विधेयकाची चिरफाड केली. संप करण्याचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क दुसऱ्या नांवानें, असें त्यांचें प्रतिपादन होतें, आणि विधेयकाला कामगारांचें नागरी स्वातंत्र्य तहकूब करणारा कायदा असेंच नांव द्यावें असें त्यांनीं बजावलें. ७ नोव्हेंबर १९३८ रोजीं स्वतंत्र मजूर पक्ष, कम्युनिस्ट व इतर कामगार पुढारी यांनीं मिळून एक दिवसाचा सार्वत्रिक संप घडवून आणला. जातिभेदाच्या भिंती ओलांडून महार आणि मराठा, हिंदु आणि मुसलमान कामगार त्या दिवशीं एका रांगेंत उभे राहिले; पोलिसांनीं गोळीबार केला; आणि विधेयक बहुमताच्या बळावर कायदा झालें तें झालेंच. आठच वर्षांपूर्वीं दारूच्या व विलायती कापडाच्या दुकानांपुढें पिकेटिंग करण्यास ज्या पक्षानें देशसेवेची पदवी दिली होती, आणि १९३१ च्या गांधी-आयर्विन करारांत शांततेच्या पिकेटिंगला ज्यानें झगडून मान्यता मिळविली होती, त्याच पक्षाच्या हातून हें व्हावें, हा सत्तेच्या खुर्चीचा गुण म्हणावयाचा काय?

दुसऱ्याच दिवशीं, ८ नोव्हेंबर १९३८ रोजीं, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन व ओरेगॉन या तीन संस्थानांतील मतदारांपुढें संप, पिकेटिंग व बहिष्कार यांना आळा घालणारे कायदे थेट मतासाठीं ठेवण्यांत आले होते. मतदारांच्या अर्जावरून कायदा लोकांपुढें ठेवण्याची तेथें रीत आहे. कॅलिफोर्नियांत छापील पुस्तिका मतदारांच्या घरोघरीं जाते. तींत कायद्याचा मसुदा असतो, बाजूचें म्हणणें असतें आणि विरुद्धचेंहि. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीं शेंकडा सुमारें ५८ मतांनीं कायदा धुडकावून लावला. वॉशिंग्टनच्या मतदारांनींहि तो नाकारला. ओरेगॉनच्या मतदारांनीं मात्र तो मंजूर केला.

ओरेगॉनचा निकाल आम्ही मुद्दाम सांगत आहों. लोकांना विचारलें म्हणजे ते नेहमीं कामगारांच्याच बाजूनें बोलतील अशा भ्रमांत आम्ही नाहीं. संपानें त्रासलेला मतदार रागाच्या भरांत कामगाराचे हात बांधूं शकतो. परंतु १९४० सालीं ओरेगॉनच्याच सर्वोच्च न्यायालयानें तो कायदा घटनेविरुद्ध म्हणून रद्द केला. त्याच वर्षीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें शांततेचें पिकेटिंग हें भाषणस्वातंत्र्यांत मोडतें असें ठरविलें. पुढें त्या तत्त्वाला मर्यादा पडल्या ही गोष्ट निराळी. म्हणजे बहुमतालाहि कोठें थांबावें लागतें हें तेथें एका कायद्यापुरतें का होईना दिसून आलें. आमच्याकडे ती शेवटची भिंतहि अर्धीच उभी आहे. निदर्शनें करण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानें १९६२ मध्यें मान्य केला, पण संप हा मूलभूत हक्क नव्हे असेंहि त्यानें त्याच वर्षीं सांगितलें. आणि २००३ सालीं तामिळनाडूच्या प्रकरणांत तर सरकारी नोकरास संपाचा नैतिक हक्कहि नाहीं इथपर्यंत मजल गेली. जेथें न्यायालयाचें दार असें लोटलेलें, तेथें कायदा करतांनाच जितकी काळजी घ्यावी तितकी थोडी.

सार्वमत हा परदेशी थाट आहे, आमच्या अडाणी जनतेस तो झेपणार नाहीं, असें म्हणणारे शहाणे आमच्यांत आहेत. त्यांनीं गोव्याकडे पाहावें. महाराष्ट्रांत विलीन व्हावयाचें कीं नाहीं हा प्रश्न १६ जानेवारी १९६७ रोजीं तेथील जनतेच्या मतानेंच सुटला. निकाल पुष्कळ मराठी माणसांना रुचला नाहीं, तरी त्यांनीं तो मानला. आणि इतकें दूर तरी कशाला? गांवांत दारूचें दुकान ठेवावयाचें कीं उठवावयाचें हें आमच्या खेड्यांतील स्त्रिया ‘उभी बाटली’ व ‘आडवी बाटली’ या दोन चिन्हांवर मतें टाकून ठरवूं शकतात. तसा नियमच महाराष्ट्रांत आहे. ज्या बाईच्या बुद्धीवर बाटलीच्या बाबतींत सरकार विश्वास टाकतें, त्याच बाईला तिच्या स्वतःच्या कामाच्या बाबतींत विचारण्याची वेळ आली कीं तें का कचरतें?

कारण ती बाई अंगणवाडी सेविका असूं शकते. वाशीमसारख्या जिल्ह्यांत मोठे कारखाने नाहींत. कापसाचें जिनिंग, एम. आय. डी. सी. तील थोडे उद्योग, बाकी सारी शेती. २०१८ सालीं केंद्र सरकारनें आकांक्षित म्हणजे मागासलेले म्हणून जे जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांपैकीं एक वाशीम. अशा जिल्ह्यांत संप म्हणजे गिरणीचा भोंगा बंद पडणें नव्हे. येथें संप करावयाचा तो एस. टी. च्या वाहकानें, शाळेच्या शिक्षकानें, नगरपरिषदेच्या सफाई कामगारानें आणि गांवोगांवच्या अंगणवाडी सेविकेनें. म्हणून संपबंदीचा कायदा हा मुंबईचा प्रश्न, आमचा नव्हे, असें मानणाऱ्यांनीं जरा आपल्या गल्लींत डोकावून पाहावें. या सेविका कुपोषित मुलांचें वजन करतात, गरोदर बायांच्या नोंदी ठेवतात. पगार मागावयास गेल्या कीं त्यांना सांगण्यांत येतें कीं, तुम्ही मानसेवी आहां, तुम्हांला पगार नसतो, मानधन असतें. तुम्ही सरकारी नोकर नव्हेत. सप्टेंबर २०१७ मध्यें त्यांनीं संप केला, तेव्हां कोठें महिना ५,००० रुपयांचें मानधन ६,५०० पर्यंत चढलें. आणि लगेच मार्च २०१८ मध्यें सरकारनें त्यांना मेस्मा लावला! मागतांना मानसेवी, थांबतांना अत्यावश्यक, ही कसली गणना? अत्यावश्यक असतील तर त्यांना नोकराचा पगार द्या. नसतील तर त्यांच्यावर कायद्याचा बडगा उगारूं नका. (त्या ग्रॅच्युइटीस पात्र आहेत एवढें सांगण्यास २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयास बोलावें लागलें.)

त्या मार्चमधील पुढची गोष्ट मात्र आशादायक आहे. विधिमंडळाचें अधिवेशन चालू होतें. सभागृहांत गदारोळ झाला, सत्तेंत भागीदार असलेल्या पक्षाचे आमदारहि उठले, आणि थोड्याच दिवसांत मुख्यमंत्र्यांस त्या हुकुमास स्थगिति द्यावी लागली. चर्चा झाली तेथें अन्याय टिकला नाहीं. चर्चेवांचून विधेयक पुढें रेटण्याची घाई कां असते हें त्यावरून कळतें.

शेतकरी वाचकांस दोन शब्द सांगावयाचे आहेत. सोयाबीनचा भाव पडला कीं त्याला सरकारी नोकराचा पगार डोळ्यांत खुपतो, आणि त्याला पगार असून वर संप हवा, हें वाक्य पारावर सहज ऐकूं येतें. ही चीड आम्हांस समजते. परंतु कॅलिफोर्नियांतील त्या कायद्यामागें सर्वांत मोठा जोर कोणाचा होता? ‘असोशिएटेड फार्मर्स’ नांवाच्या बड्या बागाइतदारांच्या संघाचा. फळें तोडणाऱ्या मजुरांनीं हंगामांत काम थांबवूं नये म्हणून शेतकऱ्याचें नांव पुढें करून तो लढत होता. तो लहान कास्तकार नव्हता. आमच्या कास्तकारानें १ जून २०१७ रोजीं पुणतांब्यापासून सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप आठवावा. दूध-भाजी शहरांत जाऊं द्यावयाची नाहीं म्हणून नाके अडविणें, यालाच कायद्याच्या भाषेंत पिकेटिंग म्हणतात. त्याच्याहि मागें जाऊन १९३० चें पुसद आठवावें. १९०५ पर्यंत पुसद वाशीम जिल्ह्यांतच मोडत होतें. तेथें बापूजी अणे यांनीं १० जुलैला राखीव रानांतील गवत कापून कायदा मोडला, तेव्हां वऱ्हाडच्या शेतकऱ्यानें त्यांस गुन्हेगार मानलें नाहीं. दूध अत्यावश्यक वस्तु, धान्य तर त्याहून अत्यावश्यक. आज वाहकासाठीं वळलेला दोर उद्यां त्याच्या गळ्यांत पडणार नाहीं अशी हमी कोणत्याहि कलमांत लिहिलेली नाहीं.

मग संपास मुळींच मर्यादा नको काय? हवी. दवाखान्यांतील प्राणवायु, गांवचें पाणी, अग्निशामक दल यांसारख्या कामांत एक दिवसाचाहि खंड जीवावर बेततो. तेथें बंदी असावी असें आम्हांसहि वाटतें. परंतु आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें कित्येक वर्षांपूर्वींच यावरील तोड सांगून ठेवली आहे: ज्याचा संपाचा हक्क काढून घ्याल, त्याला त्याच्या मोबदल्यांत निःपक्षपाती व जलद लवाद द्या, आणि त्याचा निवाडा उभयतांवर बंधनकारक करा. हिंदुस्थान या संघटनेचा १९१९ पासूनचा सभासद. पण संघटन-स्वातंत्र्याच्या व सामुदायिक वाटाघाटीच्या तिच्या ८७ व ९८ क्रमांकांच्या करारांवर त्यानें अद्याप मान्यतेची मोहोर उठविलेली नाहीं. मेस्मांत बंदी आहे, कैद आहे, दंड आहे. आठ आठवड्यांत तुमच्या मागणीचा निकाल लावूं असें सरकारला बांधून घेणारें कलम मात्र नाहीं. एस. टी. च्या संपांत प्रवाशांचे जे महिने गेले ते याच उणिवेपायीं गेले.

तेव्हां आमचें मागणें असें कीं, संपबंदीचें कोणतेंहि विधेयक यापुढें विधिमंडळांत येण्याआधीं त्याचा मराठी मसुदा निदान दोन महिने लोकांपुढें असावा. तो संयुक्त समितीकडे जावा आणि त्या समितीनें मुंबई-नागपुरांत न बसतां वाशीमसारख्या ठिकाणीं येऊन सेविकांचें, वाहकांचें आणि त्यांच्याचबरोबर प्रवाशांचें म्हणणें ऐकावें. ज्या सेवेंत बंदी घालावयाची तेथील नोकरांचें गुप्त मतदान घ्यावें आणि त्याचा आंकडा सभागृहाच्या मेजावर ठेवावा, मग सभागृहानें वाटल्यास त्याविरुद्ध निर्णय घ्यावा, परंतु डोळे उघडे ठेवून घ्यावा. शेवटीं, लवादाच्या मुदतीचें कलम नसलेलें विधेयक विचारांतच घेऊं नये.

यासाठीं सार्वमताचा नवा कायदा करण्याचीहि गरज नाहीं. वाशीम, रिसोड व कारंजा या तीन मतदारसंघांनीं निवडलेले तीन प्रतिनिधि विधानसभेंत बसतात. आवाजी मतदानांत ‘होय’ कोणीं म्हटलें आणि ‘नाहीं’ कोणीं म्हटलें याची नांवें राहत नाहींत. सर्वांचा मिळून एक गलका होतो आणि त्यालाच सभागृहाची संमति म्हणतात. मतविभागणी मागितली कीं मात्र प्रत्येक नांव छापील कागदावर येतें. ती मागण्याचा अधिकार प्रत्येक सदस्यास आहे. असें विधेयक पुन्हां आलें तर आमच्या तिघांपैकीं निदान एकानें उठून ती मागावी, आणि मग मानोऱ्याच्या बसथांब्यावर उभी असलेली मुलगी व तिच्या गांवची अंगणवाडी सेविका या दोघींनाहि तो कागद वाचूं द्यावा.